मातीच्या वासाने अण्णा जिना उतरून पळाले: अरोमाथेरपीचा अनुभव आहे का कुणाला?

प्राजक्ता_एस | १४ ऑगस्ट, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ६६. किल्लारीपासून जवळच्याच एका गावात त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात ते वाचले, कारण त्या रात्री गणपती विसर्जन उशिरा आटोपलं आणि घरी जायचा कंटाळा करून ते दुकानातच आडवे झाले. दुकानावर पत्रे होते, घरावर मातीचं माळवद. घरात त्यांची आई आणि धाकटा भाऊ होता. सासूबाई माझ्या नवऱ्याला (तेव्हा वय वर्षं तीन) घेऊन माहेरी गेल्या होत्या. आम्हाला माहीत आहे ते एवढंच. अण्णा त्यावर बोलत नाहीत.

सासूबाई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी त्यांना पुण्याला आणलं आणि एकेक लक्षात यायला लागलं. रोज पहाटे साडेतीन-पावणेचारला जाग. खोलीच्या दाराला कडी लावू देत नाहीत. वरच्या मजल्यावर कुणी पलंग सरकवला तरी ताटावरून उठून उभे राहतात. चपला उशाशी. सुरुवातीला मला ते सगळं म्हातारपणाचं वाटलं, याची आता लाज वाटते.

ऑफिसातल्या मैत्रिणीने अरोमाथेरपी सुचवली. मी हौसेने डिफ्यूझर आणि तेलांचा संच मागवला. लव्हेंडर, संत्रं, निलगिरी आणि एक 'मृद्गंध'. म्हटलं, गावचा माणूस, पहिल्या पावसाचा वास आवडेल. परवा रात्री तोच लावला. दहा मिनिटांत अण्णा उठले, उशाशी ठेवलेल्या चपलाही न घालता पाच मजले उतरून पार्किंगमध्ये जाऊन बसले. "माळवद भिजूलालंय," एवढंच म्हणाले. सकाळी सहापर्यंत वर आले नाहीत. नवरा त्यांच्या शेजारी बसून होता.

प्रश्न असे: अशा जुन्या धक्क्याच्या त्रासावर अरोमाथेरपीचा खरंच उपयोग होतो का? मी करायला गेले एक आणि झालं भलतंच, त्याने काही कायमचं नुकसान झालं असेल का? आणि उपयोग होत असेल तर कोणता वास?

---

चिंचबोरं | १४ ऑगस्ट, ११:५८

प्राजक्ता, आधी हे ऐक: तू चूक केली नाहीस. तुला माहीत नव्हतं. बाकी जाणकार बोलतीलच.

---

सुगंधी_जीवन | १५ ऑगस्ट, सकाळी ७:०५

ताई, तुम्ही घेतलेलं तेल भेसळीचं असणार म्हणून असं झालं. आमच्याकडचं १००% शुद्ध, थेरप्युटिक ग्रेड लव्हेंडर वापरा. उशीवर दोन थेंब आणि रोज सकाळी कोमट पाण्यात एक थेंब पोटात. नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट शून्य. डिप्रेशन, पीटीएसडी, बीपी, शुगर सगळ्यावर चालतं. अधिक माहितीसाठी संपर्क [संपादकांनी क्रमांक काढून टाकला आहे]

---

खवट_शेंगदाणा | १५ ऑगस्ट, ७:३१

बीपी, शुगर, पीटीएसडी... कुलूप उघडतं का हो त्याने? आमच्या सोसायटीच्या टेरेसचं हरवलंय.

---

डॉ_मुक्ता | १५ ऑगस्ट, सकाळी १०:१२

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. वरचा सल्ला कृपया कुणी पाळू नका. सुगंधी तेलं पोटात घ्यायची नसतात. निलगिरी आणि कापराची तेलं थोडी जरी पोटात गेली तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात, असे रुग्ण आम्ही पाहतो. 'थेरप्युटिक ग्रेड' ही कुठल्या सरकारी यंत्रणेने ठरवलेली प्रत नाही, तो विक्रीचा शब्द आहे. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१४ मध्ये अशी तेलं विकणाऱ्या कंपन्यांना ताकीदपत्रं पाठवली होती. त्यांचे विक्रेते इबोलासुद्धा बरा होतो म्हणून सांगत होते.

आता प्राजक्तांच्या प्रश्नाकडे. मी ऑनलाइन निदान करत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वाचून अण्णांना एकदा दाखवून घ्यावं असं नक्की वाटतं. प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटणं, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी आणि बोलणं टाळणं, सतत सावध राहणं, झोप तुटणं हे सगळं एकत्र आणि महिनोन्‌महिने असेल, तर आम्ही पीटीएसडीचा, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजाराचा, विचार करतो. या नावाने हा आजार अमेरिकन मनोविकार संघटनेच्या यादीत १९८० मध्ये आला. त्याआधी पहिल्या महायुद्धात याच त्रासाला 'शेल शॉक' म्हणायचे, आणि कित्येक सैनिकांना तर भित्रे ठरवलं गेलं.

मातीच्या वासाने असं का झालं? डोळ्यांना दिसलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत थॅलॅमस नावाच्या चौकीतून पुढे जातं. वासाला ही चौकी लागत नाही. नाकातून निघालेला संदेश भीती आणि आठवण सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोचतो. त्यामुळे 'हा कसला वास?' हे शब्दांत कळायच्या आधीच शरीर पळायला लागलेलं असतं. अण्णा पळाले ते विचार करून नव्हे.

नुकसान? नाही. एका रात्रीने ३० वर्षांच्या जखमेत फार भर पडत नाही. उलट तुम्हाला एक गोष्ट कळली, जी त्यांनी इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

अरोमाथेरपीबद्दल प्रामाणिक उत्तर: लव्हेंडरचा वास घेतल्याने चिंता थोडी कमी होते, झोप थोडी सुधारते, असं सांगणारे अभ्यास आहेत, पण बरेचसे लहान आणि कच्चे. पीटीएसडीवर तर फारच तुटपुंजे. जर्मनीत लव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल अस्वस्थतेवर औषध म्हणून मिळते आणि तिच्यावर बरे अभ्यास झालेत, पण ते मोजून-मापून बनवलेलं औषध आहे. बाटलीतलं तेल पाण्यात टाकून पिणं म्हणजे ते नव्हे. पीटीएसडीवर खरं काम करतात ते आघातावर केंद्रित मानसोपचार, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या आधाराने आठवण हाताळायची पद्धत) आणि गरज पडली तर सर्ट्रालीनसारखी औषधं. वास फार तर सोबतीला.

---

चिंचबोरं | १५ ऑगस्ट, १०:४०

डॉक्टर, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली.

---

बाळू_औसेकर | १५ ऑगस्ट, दुपारी १:२०

प्राजक्ताताई, मी औशाचा. तेव्हा नववीत होतो. तुमच्या अण्णांचं "माळवद भिजूलालंय" वाचलं आणि पुढचं वाचवेना.

पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी सांगतो. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती. वर लाकडी सरे, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ते माळवद. दरवर्षी पावसाआधी गळती बंद करायला आणखी माती टाकायची, म्हणजे डोक्यावरचं ओझं वर्षागणिक वाढतच जायचं. उन्हाळ्यात त्याच्याखाली गारवा असायचा, म्हणून सगळ्यांना तेच घर प्यारं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेच सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. पत्र्याखालची, अंगणातली माणसं वाचली. जवळपास दहा हजार माणसं गेली.

त्यात आदल्या वर्षीही, १९९२ मध्ये, किल्लारीला धक्के बसले होते. लोक बरेच दिवस बाहेर झोपले आणि मग कंटाळून आत गेले. ही बोच किती जणांच्या मनात आहे, विचारू नका.

आणि नंतर पाऊस आला. ढिगाऱ्यावर पाऊस. ती पांढरी माती भिजली की जो वास सुटतो, तो त्या दिवसांत सगळीकडे होता. त्यात चितांचा धूर आणि रॉकेल. लोकांना पहिल्या पावसाच्या वासाने कविता सुचतात. आमच्याकडच्या कित्येकांना मळमळतं. माझ्या चुलतीला अजून.

---

अत्तरिया | १५ ऑगस्ट, ४:०५

बाळूभाऊंच्या प्रतिसादानंतर हे लिहायला थोडं संकोचल्यासारखं होतंय, पण मृद्गंधाची गोष्ट सांगतो. अवांतराबद्दल क्षमस्व.

उत्तर प्रदेशात कन्नौजला हा वास पिढ्यानपिढ्या बाटलीत भरतात. भट्टीत भाजलेली माती तांब्याच्या मोठ्या डेगमध्ये पाण्यासोबत घालायची, झाकण मातीने लिंपायचं, खाली मंद आच. वाफ बांबूच्या नळीतून 'भपक्या'त उतरते आणि तिथे आधीच ठेवलेलं चंदनाचं तेल तो वास धरून ठेवतं. १९६४ मध्ये बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव दिलं, त्यांच्या लेखात या मातीच्या अत्तराचाही उल्लेख आहे. मातीतल्या जिवाणूंपासून बनणारं जिओस्मिन नावाचं द्रव्य त्यात मोठा वाटा उचलतं आणि माणसाचं नाक ते अतिसूक्ष्म प्रमाणातही ओळखतं.

म्हणजे बाजारातल्या बहुतेक वासांपेक्षा हा चुकवायला अवघड. अण्णांना तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आला असता तरी कळला असता.

---

टुकटुक_माकड | १५ ऑगस्ट, ४:११

कन्नौजचं मातीचं अत्तर कितीला पडतं? मला कविता सुचतात.

---

निवृत्त_मोटरमन | १५ ऑगस्ट, रात्री ९:३०

या विषयावर लिहीन असं कधी वाटलं नव्हतं.

मी मुंबईत लोकल चालवायचो. नोकरीच्या काळात माझ्या गाडीखाली किती जण आले तो आकडा मला पाठ आहे, पण इथे लिहीत नाही. गाडीला ब्रेक लावला तरी ती शे-दोनशे मीटर पुढे जातेच. त्या काही सेकंदांत तुम्ही फक्त बघत असता. एका तरुण मुलाने माझ्याकडे पाहिलं होतं.

मला आवाजाचा त्रास नव्हता. मला ओल्या लोखंडाचा वास चालेना. नंतर गाडीचं तोंड पाण्याने धुतात, त्याचा. घरी न्हाणीघरात गंजलेली बादली होती, ती मी एका रात्री खिडकीतून फेकून दिली. बायकोला कारण सांगता येईना.

मला ज्या समुपदेशक बाई भेटल्या त्यांनी विचारलं, "असा कुठला वास आहे का जो तुम्हाला इथे आणून ठेवतो?" मी म्हटलं, वेलदोडा. माझी आई चहात टाकायची. तेव्हापासून वरच्या खिशात वेलदोडे. वास आला, छाती भरून आली, की एक फोडायचा, हुंगायचा, दाढेखाली धरायचा. आणि मनात म्हणायचं: हा प्लॅटफॉर्म क्रमांक अमुक, आज वार तमुक. गेलेलं माणूस परत येत नाही, स्वप्नंही पूर्ण थांबली नाहीत. पण मी पुढचं स्टेशन गाठायचो.

त्या बाईंची एक सूचना महत्त्वाची होती. पहिला महिनाभर वेलदोडा फक्त बरं वाटत असताना हुंगायचा. रविवारी, चहाबरोबर, नातवाशी खेळताना. घाबरलेलं असताना पहिल्यांदा वापरला तर वेलदोड्यालाच भीती चिकटेल, असं म्हणाल्या.

---

डॉ_मुक्ता | १५ ऑगस्ट, १०:०२

काका, तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा. हीच गोष्ट सांगायची माझी राहून गेली. आणि त्याच कारणासाठी तो वास दिवसभर घरात दरवळत ठेवू नये. नाकाला सवय झाली की तो कळेनासा होतो.

---

शंकासुर | १६ ऑगस्ट, सकाळी ९:१५

सर्वांबद्दल आदर ठेवून, आता थोडं खाजवतो.

औषधाच्या चांगल्या चाचणीत बहुधा काही लोकांना खोटी गोळी देतात आणि कुणाला काय दिलं ते लपवतात. वास लपवायचा कसा? लव्हेंडर हुंगणाऱ्याला कळतंच की तो लव्हेंडर हुंगतोय आणि आता आपल्याला शांत वाटायला हवं. अरोमाथेरपी हा शब्द ज्यांनी रूढ केला ते फ्रेंच रसायनतज्ज्ञ गॅटफॉसे. त्यांचा हात भाजला आणि तो लव्हेंडरच्या पिंपात बुडवताच बरा झाला, ही गोष्ट प्रत्येक ब्युटी पार्लरमध्ये ऐकवतात. त्यांनी स्वतः लिहिलंय ते वेगळं आहे. प्रयोगशाळेतल्या स्फोटानंतर जखमा चिघळून गँगरीन झालं, तेव्हा त्यांनी लव्हेंडरने त्या धुतल्या. तो जंतुनाशकाचा प्रयोग होता, मनःशांतीचा नव्हे.

आणि काका, राग मानू नका, पण वेलदोडा हुंगताना तुम्ही दीर्घ श्वास घेता. काम श्वास करतो, श्रेय वेलदोड्याला. नुसता श्वास फुकट आहे.

---

निवृत्त_मोटरमन | १६ ऑगस्ट, ९:५०

राग कशाला. बरोबरच असेल तुमचं. पण छातीत धडधडतंय अशा माणसाला "श्वास घे" म्हणून बघा, तो तुमच्यावर खेकसेल. "हे हुंग" म्हटलं की हुंगतो.

---

खवट_शेंगदाणा | १६ ऑगस्ट, ९:५४

शंकासुर, वेलदोड्याचा भाव बघता श्वास फुकट आहे हा मुद्दा मात्र बिनतोड.

---

सोनल_सॅन_होजे | १६ ऑगस्ट, ११:३०

मी इकडे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, माझ्याकडे येणाऱ्यांत माजी सैनिक बरेच. काहींना डिझेलचा वास चालत नाही, काहींना बार्बेक्यूचा. इकडे ४ जुलैला गल्लोगल्ली मांस भाजतात आणि फटाके उडतात. त्या आठवड्यात आमच्याकडे गर्दी.

शंकासुर यांच्याशी अर्धी सहमत. आम्हीही वास 'उपचार' म्हणून देत नाही. भान परत आणायचा एक व्यायाम असतो: दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाच्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. यातल्या वासाच्या पायरीला खिशात काहीतरी तयार असावं, एवढीच आमची अरोमाथेरपी. कॉफीच्या बिया, पुदिना, साबणाची वडी. नियम एकच. वास त्या माणसाने स्वतः निवडायचा. आपल्याला शांत वाटणारा वास दुसऱ्याला शांत करेलच असं नाही. मला एकदा लव्हेंडरनेच फजिती दाखवली. एका आजोबांना बाटली दिली, ते ताडकन उठून गेले. त्यांच्या बायकोच्या अंत्यविधीच्या हॉलमध्ये तो वास होता.

प्राजक्ता, तेलाच्या बाटल्या बाजूला ठेव आणि अण्णांनाच विचार. दिवसा विचार, स्वयंपाक करता करता, डोळ्यात डोळे न घालता.

---

पंचगंगा_काठची | १६ ऑगस्ट, दुपारी २:४५

२०१९ च्या पुरात आमच्या घरात आठ दिवस पाणी होतं. परतल्यावर चिखल, कुजलेलं धान्य, मेलेली जनावरं आणि त्यावर टाकलेली ब्लिचिंग पावडर. तेव्हापासून पोहण्याच्या तलावाजवळ गेलं की मला पोटात ढवळतं, क्लोरीनमुळे. मला वाटायचं मी नाटकं करते. जाऊ दे, हा धागा वाचून बरं वाटलं.

---

वैद्य_नीलिमा | १६ ऑगस्ट, ५:१०

आयुर्वेदात धूपन आहे, नस्य आहे, बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपेची धुरी आपल्या सगळ्यांच्या घरात होती. गंधाचं महत्त्व आपल्याकडे नवीन नाही. वाळा आणि चंदन अण्णांना सुखावह वाटू शकतील. पण सोनल म्हणतात ते योग्य. आणि या रुग्णात धूर करू नका. चितांचा उल्लेख वर आलाच आहे.

---

मनीची_आई | १६ ऑगस्ट, ५:३३

घरात मांजर असेल तर डिफ्यूझर जपून. टी ट्री वगैरे तेलं मांजरांना विषारी असतात, त्यांच्या यकृताला ती पचत नाहीत. दमेकऱ्यांनीही जपून. अंगाला लावायचं असेल तर खोबरेल किंवा तिळाच्या तेलात मिसळून, ३० मिलीत दहा-बारा थेंबांच्या वर नको. बर्गमॉटसारखी तेलं लावून उन्हात गेलं तर चट्टे उठतात. माझ्या हातावर आहेत, फोटो टाकत नाही.

---

टुकटुक_माकड | १६ ऑगस्ट, ५:४०

आमच्या बोक्याला पीटीएसडी आहे. व्हॅक्यूम क्लीनर काढला की माळ्यावर.

---

मनीची_आई | १६ ऑगस्ट, ५:४२

माकडा, त्याला आम्ही अक्कल म्हणतो.

---

सुगंधी_जीवन | १६ ऑगस्ट, ८:००

टीका करणाऱ्यांनी आधी वापरून बघावं. पहिल्या खरेदीवर [संपादक: दुसरी आणि शेवटची सूचना. इथे विक्री करू नये.]

---

प्राजक्ता_एस | २५ ऑगस्ट, रात्री १०:२०

उशिरा येतेय, माफ करा. सगळे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले. बाळूदादा, तुमचा वाचताना तो उठून गॅलरीत गेला. माळवदाचं त्याला काहीच माहीत नव्हतं. तो वाढला तो सरकारने बांधून दिलेल्या नव्या गावठाणातल्या घरात.

सोनलताईंचं ऐकलं. रविवारी पालेभाजी निवडताना अण्णांना म्हटलं, "अण्णा, तुम्हाला कशाचा वास आवडतो हो?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी चंदन म्हटलं, मोगरा म्हटलं, वाळा म्हटलं. "चांगलं असतंय," प्रत्येकाला एकच उत्तर. मग म्हणाले, "मशीनीचं तेल."

मला आधी कळलंच नाही. शिलाई मशीनचं तेल! ती लांब चोचीची छोटी डबी असते ना, ते.

मग बोलायला लागले. भूकंपानंतर काही दिवसांनी कुणीतरी दुकानाच्या ढिगातून त्यांचं मशीन ओढून काढलं. चाक वाकलेलं, पाय तुटलेला. पत्र्याच्या शेडमध्ये बसून त्यांनी ते खोललं, माती काढली, तेल घातलं. लोकांना मदतीत आलेले कपडे कुणाच्या मापाचे नव्हते, ते अण्णा लहान-मोठे करून द्यायचे. पैसे न घेता. "हाताला काम असलं की वास येत नव्हता बाकीचा," म्हणाले. ३० वर्षांत पहिल्यांदा इतकं बोलले असतील. मी मेथी निवडायची थांबलेच नाही, भीतीने, की मान वर केली तर गप्प होतील. देठंसुद्धा भाजीत गेली.

---

चिंचबोरं | २५ ऑगस्ट, १०:३१

मी आता ऑफिसच्या बसमध्ये रडतेय. लोक बघतायत.

---

शंकासुर | २५ ऑगस्ट, १०:५५

माझे शब्द मागे घेत नाही, पण मशीनच्या तेलापुढे माझा कुठलाच मुद्दा टिकत नाही. अण्णांना नमस्कार.

---

डॉ_मुक्ता | २६ ऑगस्ट, सकाळी ८:४०

प्राजक्ता, कापडाच्या चिंधीवर एखादाच थेंब, डबीत बंद करून. ते खनिज तेल आहे, रात्रभर उशाशी उघडं ठेवायचं नाही, त्वचेवर चोळायचं नाही. अधूनमधून हुंगायला हरकत नाही. आणि काकांनी सांगितलं तसं, आधी बरं वाटत असतानाच.

पण एवढ्यावर थांबू नका. ते बोलू लागलेत, म्हणजे दार किलकिलं झालंय. जवळ कुणी सापडत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

---

अत्तरिया | २६ ऑगस्ट, ९:०२

आयुष्यभर केवडा, हिना, शमामा केलं. या यादीत मशीनचं तेल कुठे बसवायचं, विचार करतोय.

---

बाळू_औसेकर | २६ ऑगस्ट, दुपारी १२:१५

ताई, अण्णांना विचारा, त्यांनी खाकी हाफ पँटी कमरेत आवळून दिल्या होत्या का कुणाला. मदतीच्या गाठोड्यात मोठ्या माणसांच्या फार आलेल्या. आमच्या नात्यातल्या दोन पोरांना पुण्याला वाघोलीला शिकायला नेलं होतं, भारतीय जैन संघटनेने तेव्हा भूकंपातली बाराशेएक मुलं नेली, त्यांत. ती तशाच आवळलेल्या पँटीत गेली होती. कुठल्या शिंप्याने केल्या ते आम्हाला कधीच कळलं नाही. अण्णाच असतील असं नाही. पण विचारा.

---

प्राजक्ता_एस | २८ ऑगस्ट, ११:०५

बाळूदादा, विचारलं. "असंल. लई होत्या," म्हणाले आणि हसले.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे. अण्णा आधी तयार नव्हते. "मी काय येडा आहे का?" मग मोटरमन काकांची गोष्ट सांगितली, बादलीसकट. बादलीचं त्यांना लगेच पटलं.

---

निवृत्त_मोटरमन | २८ ऑगस्ट, ११:२०

त्या बादलीचे पैसे बायको अजून मागते.

---

वैद्य_नीलिमा | १२ सप्टेंबर, ६:१५

प्राजक्ता, काही नवीन?

---

प्राजक्ता_एस | ३० सप्टेंबर, सकाळी ६:१०

नीलिमाताई, उत्तर द्यायला आजचा दिवस उजाडला.

तीन वेळा डॉक्टरांकडे जाऊन आलो. झोपेसाठी आणि धडधडीसाठी गोळी सुरू आहे, बोलणं हळूहळू चाललंय. बरे झाले असं म्हणणार नाही. गेल्या आठवड्यात जोराचा पाऊस आला तेव्हा पुन्हा जिन्यात गेले. पण या वेळी तिसऱ्या मजल्यावर थांबले, डबी उघडली आणि थोड्या वेळाने स्वतःच वर आले. चपला घालून गेले होते.

काल रात्री मी झोपलेच नाही. पावणेचारला त्यांच्या खोलीत दिवा लागला. बाहेर आले, मला बघून म्हणाले, "तू का जागी?" म्हटलं, "असंच." चहा टाकला. वेलदोडा घालू का विचारलं, तर म्हणाले, "ते त्या गाडीवाल्याचं. मला आलं घाल."

३ वाजून ५६ मिनिटांनी त्यांनी आईचं आणि भावाचं नाव घेतलं. मोठ्याने. भावाचं नाव मी या घरात पहिल्यांदा ऐकलं. मग चहा प्यायलो. आता झोपलेत, दार उघडंच आहे.

---

बाळू_औसेकर | ३० सप्टेंबर, ६:२५

आम्हीपण जागेच होतो ताई. इकडे अख्खं गाव जागं असतं.

---

टुकटुक_माकड | ३० सप्टेंबर, ९:४०

प्राजक्ताताई, तुम्हाला आता लागत नसेल तर तो मृद्गंध माझ्याकडे कुरिअर करता का? खरंच विचारतोय. बोक्यालाही आवडेल.

---

प्राजक्ता_एस | ३० सप्टेंबर, ९:५२

बाटली त्याच दिवशी सोसायटीच्या कचऱ्यात गेली रे. डिफ्यूझर आहे. मुलगी त्यात नुसतं पाणी घालून बाहुलीला वाफ देते.